पाळकसाहेबांशी बोलायचं कुणी?

६ सप्टेंबर २०१८ हा गुरुवार होता. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांच्या संमतीनं, खासगीत ठेवलेला समलिंगी संबंध यापुढे गुन्हा नाही, असं त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं. रविवारी मी जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेहमीच्या बाकावर बसले होते. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला. सदोम आणि गमोरा, पापासाठी देवानं भस्म केलेली दोन शहरं. पाऊण तास ते बोलले. कोर्टानं सोडलं तरी देव सोडणार नाही, ही कीड आता आपल्या घरांत शिरेल, ज्यांच्या घरात असं लेकरू असेल त्यांनी आत्ताच उपास-प्रार्थना करून त्याला सोडवून घ्यावं, असं बरंच काही.

पेटीशेजारी तबल्यावर बसलेला मुलगा माझा विद्यार्थी. सातवीत माझ्या वर्गात होता. उपदेश चालू असताना तो डग्ग्याच्या पुडीकडे बघत होता, मान वर न करता. शेवटचं गीत सुरू झालं तसं त्यानं वाजवलं, एक मात्रा चुकली नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. नाताळापर्यंत तो पुण्याला गेलेला होता. त्याची आई सगळ्यांना सांगायची, नोकरी लागली. नोकरी खरीच लागली होती. पण तो का गेला हे मला माहीत होतं. बारावीत असताना एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. चहा गार होईपर्यंत बोलला नाही, आणि मग एका वाक्यात सगळं सांगून मोकळा झाला होता.

तरीही त्या रविवारी मी गप्प बसले. उपदेश संपला, सगळे ‘आमेन’ म्हणाले, मीही म्हणाले. ते ‘आमेन’ अजून माझ्या घशात आहे.

तेव्हापासून जे वाचलं, जे करून पाहिलं, त्यावरून माझं एक मत झालं आहे. ख्रिस्ती धर्मपुढारी समलिंगी माणसांविरुद्ध बोलतात तेव्हा त्यांच्याकडे जाऊन, समोर बसून, न चिडता आणि न झुकता बोलायला हवं. आणि जायला हवं ते आम्ही. त्या माणसांचे आईबाप, मावश्या, शिक्षक, बाकावरचे शेजारी. ज्याला दगड लागला त्यालाच दगड मारणाऱ्याची समजूत घालायला पाठवणं हा दुसरा दगड आहे.

कोर्टाचा निकाल लागला म्हणजे प्रश्न मिटला, असं शिकलेली माणसंही म्हणतात. असा संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० सालच्या दंड संहितेतलं, मेकॉलेच्या मसुद्यातून आलेलं. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचा समलिंगी संबंधांपुरता भाग रद्द केला, आणि ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा जिवंत केला. मधल्या काळात दिल्लीच्या निकालाविरुद्ध जे अपिलात गेले त्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती, अपोस्टोलिक चर्चेसची संघटना होती. इतर धर्मांचे लोकही होते, पण त्यांचा हिशेब त्यांच्यातली माणसं घेतील. २०१८मध्येही चर्चच्या संघटना विरोधात उभ्या होत्या. सूळ-खिळे सोसलेल्या प्रभूच्या नावानं कुणाला तरी तुरुंगात ठेवा म्हणून वकील दिले गेले, हे ख्रिस्ती म्हणून लिहिताना माझी मान खाली जाते.

२०१८च्या निकालाचा एक खांब होता संवैधानिक नैतिकता, म्हणजे घटनेच्या मूल्यांना धरून वागणं. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा शब्द सभागृहापुढे ठेवला होता. ही नैतिकता आपोआप उगवत नाही, ती मशागतीनं वाढवावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला बाबासाहेब परके नाहीत. आमच्यातले बहुतेक महार-मांग घरांतून आलेले. एकाच आडनावाची एक पाती विहारात जाते आणि दुसरी चर्चमध्ये. तेव्हा त्या मशागतीच्या कामातून आम्हाला सुटका नाही. न्यायालयानं पोलिसाचा हात धरला. पाळकाच्या जिभेपर्यंत न्यायालय पोहोचत नाही, पोहोचूही नये. आणि आमच्याकडे गावात पाळकाचं वाक्य कोर्टाच्या वाक्यापेक्षा लांब जातं. रविवारी बोललेलं मंगळवारी बायकांच्या प्रार्थनेत येतं, तिथून सोयरिकीच्या बोलणीत, तिथून एखाद्या घराच्या चुलीपुढं.

इथं मला अमेरिकेतल्या एका पाळकाची हकिकत सांगायची आहे. त्यांचं नाव मेल व्हाइट. इव्हँजेलिकल या बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट चळवळीतले नामवंत लेखक. बिली ग्रॅहम, पॅट रॉबर्टसन, जेरी फॉलवेल या बड्या उपदेशकांसाठी त्यांनी पडद्याआडून लेखन केलं. फॉलवेल यांचं आत्मचरित्रही त्यांनीच शब्दबद्ध केलं. हा माणूस स्वतः समलिंगी होता, आणि तसं नसावं म्हणून वर्षानुवर्षं झटत होता. प्रार्थना झाल्या, मानसोपचार झाले, भूत काढणारे झाले, विजेचे झटकेही घेऊन झाले. अखेर नव्वदच्या दशकात त्यांनी उघडपणे सांगितलं की मी जसा आहे तसा देवानंच केला आहे. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं तीच माणसं दूरचित्रवाणीवरून त्यांच्यासारख्यांना देशाचा शत्रू म्हणत होती.

व्हाइट यांनी गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग वाचायला घेतले. १९९५ साली ते रॉबर्टसन यांच्या प्रसारण केंद्रात भेट मागायला गेले, हटले नाहीत, अटक झाली. तुरुंगात त्यांनी उपवास धरला. रॉबर्टसन शेवटी तुरुंगात त्यांना भेटायला आले, आणि नंतर आपल्या कार्यक्रमात समलिंगींवरच्या हिंसेचा त्यांनी निषेध केला. मत बदललं नाही, पण तेवढं एक वाक्य बोलले. १९९८मध्ये व्हाइट आणि त्यांचे जोडीदार गॅरी निक्सन यांनी संस्था काढली, तिचं नाव ‘सोलफोर्स’. म्हणजे आत्मबल. सत्याग्रहाचा अर्थ इंग्रजीत सांगताना गांधीजी हाच शब्द वापरत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दोघांनी मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं. तो वाचला नाही. त्याच्या अंत्यविधीला एक पाळक आपले लोक घेऊन द्वेषाचे फलक धरून उभा होता.

एका वर्षानं, ऑक्टोबर १९९९मध्ये, फॉलवेल यांच्या लिंचबर्ग गावात बैठक झाली. व्हाइट यांच्याबरोबर दोनशे माणसं, फॉलवेल यांच्याबरोबर दोनशे. विषय धर्मशास्त्राचा नव्हता, भाषेचा होता. तुमच्या शब्दांनी आमची पोरं मरतात, तेवढे शब्द आवरा, इतकीच मागणी. फॉलवेल यांनी आपली भाषा सौम्य करायचं कबूल केलं. आधी ठरलं होतं की सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मग फॉलवेल यांच्या काही अनुयायांनी हरकत घेतली की पाप्यांबरोबर जेवू नये असं वचन आहे. जेवण रद्द झालं. पाण्याच्या बाटल्या ठेवल्या गेल्या.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. मला ओळख पटली. पंक्तीचा हा प्रश्न आमचाच. आमच्यापासून पैठण लांब नाही. गोदेच्या तापल्या वाळूत पोळणाऱ्या महाराच्या लेकराला उचलून कडेवर घेणारे एकनाथ, श्राद्धाचं अन्न आधी अस्पृश्यांना वाढलं म्हणून ब्रह्मवृंदाचा बहिष्कार सोसणारे एकनाथ, ही गोष्ट आमच्याकडे ख्रिस्ती घरातल्या आज्याही सांगतात. नाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला आहे. तो गोड-गोड संवाद नाही. दोघं एकमेकांच्या धर्मातलं वैगुण्य काढतात, टोचून बोलतात, कोणी माघार घेत नाही, आणि शेवटी समाधानानं एकमेकांना भेटतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या माणसाला ठाऊक होतं की खरा संवाद भांडणाच्या मधून जातो, त्याला वळसा घालून जात नाही.

आणखी जवळचं सांगते. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांकडे राहिला, त्यांच्यात जेवला. कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं, पण त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत केवढं रान उठलं! बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांना त्याचा त्रास झाला. एक मुलगा कुणाच्या ताटाशेजारी बसला, एवढाच तो गुन्हा. आमची मंडळी ज्या माणसाच्या कामातून उभी राहिली त्याच्या घरातली ही गोष्ट आहे. आज आम्हीच दुसऱ्याला ताटावरून उठवायचं?

लिंचबर्गचा शेवट गोड नाही. १३ सप्टेंबर २००१ला, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला दोन दिवस झाले असताना, फॉलवेल यांनी रॉबर्टसन यांच्याच कार्यक्रमात त्या हल्ल्याचं बोट समलिंगींकडे, स्त्रीवाद्यांकडे आणि इतर काहींकडे दाखवलं. टीका झाल्यावर माफी मागितली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाण्यात गेला होता. व्हाइट आणि निक्सन यांनी यावर काय केलं? २००२मध्ये ते फॉलवेल यांच्या चर्चसमोरच घर घेऊन राहायला गेले. रविवारी उपासनेला जाऊन बसायचे, आणि व्यासपीठावरून समलिंगींविरुद्ध काही आलं की दोघं गप्पपणे उभे राहायचे. घोषणा नाही, फलक नाही. २००७मध्ये फॉलवेल वारले. त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

मग उपयोग काय झाला, असं मला माझ्या भावानं विचारलं. माझं उत्तर असं. त्या सभागृहात शेकडो तरुण पोरं बसलेली असणार. त्यांतल्या काहींनी आपलं गुपित आईलाही सांगितलं नसणार. त्यांनी दोन म्हातारी होत चाललेली माणसं उभी राहिलेली पाहिली. संवाद एका माणसाशी चालतो, पण ऐकणारे दुसरेच असतात. २००६मध्ये याच संस्थेची तरुण मुलंमुली बसमध्ये बसून समलिंगी विद्यार्थ्यांना दार बंद असलेल्या ख्रिस्ती महाविद्यालयांकडे गेली, काही ठिकाणी अटक करवून घेतली, काही ठिकाणी वर्गात बसून बोलली. मीही उभी राहू शकले असते. जालना जिल्ह्यातल्या त्या छोट्या चर्चमध्ये तबल्यावर बसलेल्या पोराला फक्त एवढंच दिसायला हवं होतं, की बाई उभ्या राहिल्या.

अहिंसेच्या नावाखाली कुणाला लपवलं जातं तेही पाहू. बेयर्ड रस्टिन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातले, आणि समलिंगी. १९४८ साली, गांधीजींच्या खुनानंतर, ते भारतात आले आणि सत्याग्रहाचं तंत्र समजून घेऊन गेले. १९५६मध्ये माँटगोमेरीच्या वर्णभेदाविरुद्धच्या बस बहिष्काराच्या वेळी ते किंगकडे पोहोचले तेव्हा किंगच्या घरात बंदुका होत्या. अहिंसा ही जगायची रीत आहे, हे तरुण किंगला पटवून देणाऱ्यांत रस्टिन होते. १९६०मध्ये हार्लेमचे पाळक आणि खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी धमकी दिली की रस्टिनला दूर केलं नाही तर किंग आणि त्यांच्याबद्दल घाणेरडी अफवा सोडू. किंगनी त्यांना जाऊ दिलं. तीन वर्षांनी, २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनमध्ये जवळपास अडीच लाख लोक जमले, त्या मोर्च्याची सगळी आखणी रस्टिन यांची होती. त्याआधी सिनेटमध्ये त्यांच्या खासगी आयुष्याचे वाभाडे काढले गेले, पण त्या वेळी ज्येष्ठ नेते ए. फिलिप रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी ठाम राहिले. चर्चमधून उभी राहिलेली एवढी मोठी अहिंसक चळवळ, आणि तिची वीण ज्या हातांनी घातली ते हात पाळकांना लपवावेसे वाटले. माझ्या मते चर्चनं समलिंगी माणसांकडून काय घेतलं आहे याचा हिशेब इथून सुरू व्हायला हवा.

आता सर्वात अवघड आक्षेप. तो मराठवाड्यात कुणीही घेईल, आणि घ्यायलाच हवा. हृदयपरिवर्तनावर विसंबून काय मिळालं? २ मार्च १९३०ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षामागून वर्ष माणसांनी दगड खाल्ले, तुरुंग भोगला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. ज्याचं मन बदलायचंच नाही त्याच्या दाराशी आयुष्य घालवू नका, हा त्यातला धडा. नामांतराच्या वेळी आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, की विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८चा आणि विद्यापीठाचं नाव बदललं १४ जानेवारी १९९४ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळली, माणसं मेली. तेव्हा ‘धीर धरा, संवाद करा’ हे वाक्य सोसणाऱ्याला सांगण्याचा अधिकार कुणाला आहे?

मला नाही. म्हणून मी त्या मुलाला परत ये म्हणाले नाही, कधीच म्हणणार नाही. त्यानं चर्च सोडलं हा त्याचा येवला आहे आणि त्याला तो पूर्ण हक्क आहे. दुसरा काही धर्म धरावा, कोणताच धरू नये, प्रभूला घरी बसून आळवावं, ते त्याचं तो बघेल. पण मी चर्च सोडलेलं नाही. मी त्या बाकावर बसते, दर महिन्याला वर्गणी देते, पाळकसाहेबांच्या घरी सणाचा डबा पाठवते. व्यासपीठावरचं वाक्य माझ्या पैशानं आणि माझ्या गप्प बसण्यानं उभं राहतं. तेव्हा काळारामाच्या दाराशी बसायची पाळी माझी आहे, आणि मी दाराच्या आतल्या बाजूला आहे, हा केवढा फरक आहे!

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांचा. आधीच आपण मूठभर. प्रार्थनासभेत कधी कोण घुसेल, धर्मांतराची तक्रार कधी कोण करेल याचा नेम नाही. अशात आपल्याच पाळकावर बोट ठेवलं तर बाहेरच्यांच्या हाती आयतं कोलीत. ही भीती खोटी नाही आणि तिला मी हलकं समजत नाही. म्हणूनच उपदेशाचा व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवणं मला पटत नाही. त्या व्हिडिओखाली शिव्या देणाऱ्यांना आमच्या तबलजीचं काही पडलेलं नसतं. या लेखात मंडळीचं आणि पाळकसाहेबांचं नाव नाही, तेही त्याचसाठी. पण बाहेरच्या भीतीपोटी आतलं लेकरू गमवायचं, हा सौदा मला मान्य नाही. वाट मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दाखवलेली आहे. भावाचा अपराध असेल तर आधी एकटं जाऊन त्याला सांग, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीपुढं मांड. क्रम ठरलेला आहे. त्यात गप्प बसणं ही पायरी कुठेच नाही.

मी एकटी गेले. निकालानंतर सात महिन्यांनी, इतका धीर गोळा करायला लागला. पाळकसाहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला. मी म्हणाले, “साहेब, सदोमवर तुम्ही बोललात. यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायात सदोमचं पाप काय सांगितलं आहे ते वाचूया का?” त्यांनी पवित्र शास्त्र काढलं, एकोणपन्नासावं वचन मोठ्यानं वाचलं. गर्व, अन्नाची चंगळ, निवांत सुख, आणि गरजूंचा हात न धरणं. ते म्हणाले, “बाई, पुढच्या वचनात अमंगळ कृत्यंही आहेत.” आहेत. मी नाकारलं नाही. पण पहिली ओळ दुष्काळी भागात कधी उपदेशाला आली नाही, असं मी म्हणाले, आणि ते गप्प झाले.

शास्त्राचा अभ्यास मी काही विद्यापीठात केलेला नाही. पण एवढं वाचता येतं, की या विषयावर म्हणून दाखवली जाणारी वचनं थोडकी आहेत, आणि परक्याला, उपऱ्याला, बाहेर ठेवलेल्याला जवळ करायची वचनं पानोपानी. जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक षंढाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नाही. यशया छप्पन्नाव्या अध्यायात त्याच षंढाला मुलामुलींहून थोर नाव द्यायचं वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप रस्त्यावर भेटलेल्या हबशी षंढाला बाप्तिस्मा देतो. आणि दहाव्या अध्यायात पेत्राला दर्शन होतं, त्यातून तो शिकतो की कोणाही माणसाला अशुद्ध म्हणायचं नाही. हे वचन आमच्या आजोबांसाठी जणू जन्माचा दाखला होतं. त्याच्याच बळावर ते वेशीबाहेरून उठून चर्चच्या बाकावर येऊन बसले. मी पाळकसाहेबांना म्हणाले, “आपल्याला याच दारातून आत घेतलंय. तेच दार त्या पोरासाठी कसं लावायचं?” १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं, त्याविरुद्ध हेच पाळकसाहेब धरणं धरून बसलेले मी पाहिले आहेत. दारातून परत पाठवलेल्याचं दुःख त्यांना शिकवावं लागत नाही. ते फक्त त्यांना या मुलाच्या जागी आठवून द्यावं लागतं.

ते म्हणाले, “बाई, मला सेमिनरीत जे शिकवलं तेच मी सांगतो. वरून वेगळं आलं तर बघू.” वरून वेगळं येऊ लागलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय चर्च परिषदेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिनं लैंगिक विविधतेच्या प्रश्नावर स्वतंत्र मंच काढला आहे. २०१३च्या निकालानंतर मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितलं होतं की समलिंगी माणसाला गुन्हेगार ठरवावं असं कॅथलिक चर्चचं म्हणणं नाही, जरी समलिंगी विवाह त्यांना मान्य नव्हता. पुढे एका समलिंगी नियतकालिकानं त्यांच्याकडे चर्चच्या भाषेबद्दल विचारणा केली. तेव्हा प्रवचनांत आणि जाहीर बोलण्यात संवेदनशील राहायला हवं, तसं मी माझ्या पाद्र्यांना सांगेन, असं त्यांनी उत्तर दिलं. कुणी तरी नीट शब्दांत विचारलं म्हणून ते आलं. जानेवारी २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही स्पष्ट सांगितलं की समलिंगी असणं हा गुन्हा नाही. हे सगळं पुरेसं आहे असं मला वाटत नाही. विवाहाचा प्रश्न तर ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही संसदेवर सोडून दिला. पण आमचे पाळकसाहेब प्रोटेस्टंट, तरी कार्डिनलांचं नाव ऐकून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

एका जागी मात्र मी संवादाची वाट बघणार नाही. कुणी लेकराला ‘बरं’ करायला निघालं असेल, उपासमार, कोंडून ठेवणं, भूत काढणं, बळंच लग्न लावणं, तर आधी त्याला तिथून बाहेर काढायचं. चर्चा नंतर. भारतीय मानसोपचार संघटनेनं २०१८मध्येच सांगितलं आहे की हा आजार नाही. ‘बरं करणाऱ्या’ ख्रिस्ती संघटनांमधली मोठी संघटना एक्झोडस इंटरनॅशनल १९७६पासून चालली होती. २०१३मध्ये तिच्या अध्यक्षांनी माफी मागून ती बंद केली. २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर घर सोडून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण आलं. आपल्याला हा विषय कळत नाही, असं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं, स्वतः मानसतज्ज्ञाकडे बसले, या समाजातल्या माणसांचं ऐकलं, आणि मग अशा उपचारांना मनाई केली. न्यायासनावर बसलेला माणूस शिकायला बसतो, तर व्यासपीठावरच्या माणसानं बसायला काय हरकत आहे? त्यात कमीपणा कसला?

दुसऱ्या खेपेला मी दोघांना घेऊन गेले. एक निवृत्त परिचारिका, आमच्या मिशन हॉस्पिटलमध्ये आयुष्य काढलेली, आणि एक मंडळीतले वडील, म्हणजे एल्डर, ज्यांचा पुतण्या असाच घर सोडून गेला आहे. ते वडील तिथं पहिल्यांदाच बोलले. पाळकसाहेबांनी दोन तास ऐकलं. शेवटी ते म्हणाले, “मी अजून याला पापच मानतो, हे तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण ‘कीड’ हा शब्द पुन्हा माझ्या तोंडी येणार नाही. आणि कुणाला सोडवून घ्या असं मी सांगणार नाही.” गेल्या साडेचार वर्षांत तो शब्द आलेला नाही. मी दर रविवारी कान देऊन ऐकते. आला असता तर मी उभी राहिले असते. तेही मी त्यांना त्याच दिवशी सांगून ठेवलं आहे.

मागच्या नाताळाआधी ते माझ्या घरी आले होते. निघताना चपला घालता घालता म्हणाले, “बाई, तो तबल्यावरचा मुलगा कुठं असतो?” मी म्हणाले, पुण्यात. त्यांनी नंबर मागितला. मी दिला नाही. त्याला विचारून सांगते म्हणाले. रात्री त्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, त्या दुपारी चहापुढं बसला होता तसाच. मग म्हणाला, “द्या, बाई. उचलायचा की नाही ते मी ठरवीन.” दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्यासमोर तो नंबर डायरीत उतरवून घेतला. नाव लिहिलं, आणि नावापुढं थोडं थांबून ‘तबला’ असं लिहिलं. फोन त्यांनी अजून केलेला नाही. मी पुन्हा जाणार आहे.